निक्समधल्या प्रस्तावित सुधारणा: आधी काय पक्कं व्हायला हवं?

दुवाजोड

निक्स या पॅकेज मॅनेजरच्या पुढच्या वाटचालीचा विषय निघाला की चर्चा लगेच फ्लेक्सवर, म्हणजे प्रकल्पाची अवलंबित्वं नेमकी नोंदवून ठेवणाऱ्या मांडणीवर, जाते आणि तिथेच अडकते. फ्लेक्स २०२१ साली २.४ या आवृत्तीत आले. 'प्रायोगिक' ही पाटी त्यांच्यावरून कधी उतरणार यावर लोक आजही तावातावानं भांडतात. त्याच आवृत्तीत, तशीच पाटी लावून, आणखी एक गोष्ट आली होती: आशयावरून पत्ता ठरवणारी डेरिव्हेशन्स (डेरिव्हेशन म्हणजे एका बिल्डची पूर्ण कृती). तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पक्कं करायच्या यादीत तिचा नंबर पहिला लागावा असं मला मनापासून वाटतं. का, ते मांडतो.

ज्यांनी निक्स वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निक्स प्रत्येक पॅकेज स्टोअरमध्ये स्वतंत्र फोल्डरात ठेवतं. फोल्डरच्या नावाच्या सुरुवातीला ३२ अक्षरांचा हॅश (माहितीवरून गणितानं काढलेला ठसा) असतो. बिल्डमध्ये जे जे घातलं, म्हणजे सोर्स, कंपायलर, लायब्रऱ्या, पर्याय, बिल्ड स्क्रिप्ट, त्या सगळ्यावरून तो हॅश निघतो. म्हणून एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी सुखानं राहतात, आणि नवी स्थिती बिघडली तर मागच्या स्थितीवर परतणं म्हणजे एक दुवा बदलणं एवढंच काम उरतं.

आता दुखणं. पत्ता घातलेल्या वस्तूंवरून ठरतो, बाहेर पडलेल्या वस्तूवरून नाही. ग्लिबसी या सीच्या मूळ लायब्ररीच्या एखाद्या सोर्स फाइलमधली टिप्पणी कोणी दुरुस्त केली, तर कंपाइल झालेली लायब्ररी बहुधा अक्षरशः तीच निघेल. पण सोर्सचा हॅश बदलला, म्हणून ग्लिबसीचा पत्ता बदलला, म्हणून तिच्यावर उभं असलेलं जवळजवळ सगळं नव्यानं बिल्ड. निक्सपॅकेजेस या निक्सच्या पॅकेज संग्रहात आज एक लाखाहून जास्त पॅकेजेस आहेत. असे बदल थेट मुख्य शाखेत घेताच येत नाहीत. ते 'स्टेजिंग' नावाच्या वेगळ्या शाखेत साठवतात आणि गठ्ठ्यानं पुढे सरकवतात. एक चांगली दुरुस्ती तयार असते, तपासलेली असते, आणि केवळ बिल्डचा खर्च परवडत नाही म्हणून थांबून राहते.

आशयावरून पत्ता ठरवला तर निक्स आधी बिल्ड करतं, मग बाहेर आलेल्या फाइलींचा हॅश काढून त्यावरून अंतिम पत्ता देतं. आउटपुट पूर्वीसारखंच निघालं तर पत्ताही पूर्वीचाच, आणि पुढची साखळी तिथेच थांबते. ही युक्ती नवी नाही. एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या पीएचडी प्रबंधातच या दुसऱ्या पद्धतीवर सविस्तर विवेचन आहे. कल्पना प्रबंधाइतकी जुनी आणि आपण अजून प्रायोगिक पाटीखाली, याची मला हळहळ वाटते.

एक अडचण आधीच सांगतो, कारण ती हमखास विचारली जाते. पुष्कळ प्रोग्राम स्वतःचा पत्ता स्वतःच्या पोटात लिहून ठेवतात. आशयावरून पत्ता काढायचा, आणि आशयात तोच पत्ता, हे कसं जमायचं? यावर उपाय आहे. बिल्ड तात्पुरत्या पत्त्यावर होतं, हॅश काढताना स्वतःचे उल्लेख कोरे धरले जातात, आणि मग खरा पत्ता त्या जागी लिहिला जातो. लांबी तितकीच असल्यामुळे फाइलमधलं बाकी काही हलत नाही.

तुमची प्राधान्यं काय आहेत, आणि का, हे वाचायला आवडेल.

नवा_गडी

मुद्दा समजला, पण क्रम पटला नाही. मी निक्सकडे अलीकडेच आलो. मला पहिल्या दिवशी अडवलं ते पत्ता कशावरून ठरतो यानं नव्हे. बहुतेक सगळी मार्गदर्शनं फ्लेक्स वापरतात, आणि अधिकृत साधन सांगतं की ही प्रायोगिक सुविधा बंद आहे, आधी चालू करा. माझ्या गटप्रमुखांनी तो शब्द वाचला आणि विषयच बंद केला. लोक यायच्या आधीच परत जात असतील तर आतली रचना कितीही सुंदर असून काय उपयोग?

शिवाय त्रुटींचे संदेश. निक्सची भाषा आळशी मूल्यमापनाची, म्हणजे मूल्य लागेल तेव्हाच काढलं जातं. चूक माझ्या फाइलीत, पण संदेशाचा माग निक्सपॅकेजेसच्या आतल्या कुठल्यातरी फंक्शनपर्यंत जातो. मी काय चुकलो ते शेवटी दुसऱ्या कोणीतरी सांगितलं तेव्हा कळलं.

लेखणी_टर्मिनल

+१ त्रुटींच्या संदेशांना. पूर्वीपेक्षा सुधारलेत, तरी अजून बरंच बाकी आहे.

फ्लेक्सबाबत मात्र एक सांगतो. पाटी उतरवणं म्हणजे आज जे आहे ते वर्षानुवर्षं तसंच ठेवण्याचं वचन देणं. आणि आज जे आहे त्यात काही गोष्टी खरंच खुपतात. स्थानिक भांडारातलं काहीही वापरायचं तर आख्खं भांडार स्टोअरमध्ये कॉपी होतं. भांडार मोठं असेल तर एक क्षुल्लक आज्ञा चालवायलाही ताटकळावं लागतं. फ्लेक्सला बाहेरून पर्याय देण्याची नीट सोय नाही. प्रत्येक आउटपुटमध्ये प्रोसेसर आणि प्रणालीचं नाव पुन्हा पुन्हा लिहावं लागतं. आणि गिटमध्ये नोंद न केलेली फाइल फ्लेक्सला दिसतच नाही, यात नवीन माणूस हमखास फसतो.

यातल्या कॉपीच्या दुखण्यावर 'लेझी ट्रीज'चं काम आहे: जी फाइल खरोखर वाचली जाईल तेवढीच आणायची. आरएफसी १३६ या सुधारणा प्रस्तावात ठरलंय की नवी कमांड लाइन आणि फ्लेक्स एकदम पक्के न करता तुकड्यातुकड्यानं करायचे. मला ती वाट योग्य वाटते. लॉक फाइलची रचना आधी पक्की करा, बाकी चर्चेला वेळ द्या. लॉक फाइलमध्ये प्रत्येक इनपुटची नेमकी कमिट आणि आशयाचा हॅश असतो, आणि लोक प्रत्यक्षात त्याच भागावर विसंबून आहेत.

सावध_वाचक

दुवाजोड, मूळ मुद्द्यावर माझी शंका. साखळी तिथेच थांबते हे तेव्हाच खरं, जेव्हा तेच इनपुट दिल्यावर तेच आउटपुट बिटनबिट निघतं. बिल्डमध्ये तारीख शिरली, फाइलींची यादी डिस्कनं दिली त्या क्रमानं वाचली, समांतर बिल्डमध्ये ओळी मागेपुढे झाल्या, की आउटपुट बदललं आणि थांबणं संपलं.

याचं मोजमाप झालेलं आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २०१७ ते २०२३ मधल्या निक्सपॅकेजेसच्या जुन्या स्थिती घेऊन सात लाखांवर पॅकेजेस पुन्हा बिल्ड केली. पुन्हा बिल्ड होण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर, हे फार मोठं यश आहे. पण तंतोतंत जुळण्याचं प्रमाण काळानुसार ६९ ते ९१ टक्के. आलेख चढता आहे, आणि न जुळणाऱ्यांपैकी साधारण १५ टक्क्यांत बिल्डची तारीख घुसलेली होती. म्हणजे पाया अजून थोडा ओला आहे. आधी तो वाळू द्या, मग त्यावर पत्ते बदला.

दुवाजोड

@सावध_वाचक, आकडे आणलेत त्याबद्दल आभार. पण मी त्यांचा अर्थ उलट लावतो. न जुळणारं पॅकेज आशयावरच्या पत्त्यात आजच्यापेक्षा वाईट वागत नाही. ते पुन्हा बिल्ड झालं तर पुढची साखळीही पुन्हा चालते, जी आजही चालतेच. जुळणाऱ्या ९० टक्क्यांना मात्र ताबडतोब फायदा. आणि मुख्य म्हणजे दोष दिसू लागतो. आज दोन यंत्रांवर दोन वेगळी आउटपुट निघाली तरी दोघांचा पत्ता एकच असतो, त्यामुळे फरक झाकला जातो. पत्ता आशयावरून ठरला की तो फरक थेट नावात उतरतो.

तारखांबद्दल: निक्सपॅकेजेसमध्ये बिल्डच्या वेळी ठरावीक तारीख सांगणारा पर्यावरण चल असतोच, आणि काहीच ठरवलं नाही तर तो १ जानेवारी १९८० धरतो, कारण झिप फाइलींना त्याआधीची तारीख चालत नाही. उरलेली प्रकरणं म्हणजे हा चल न जुमानणारे प्रोग्राम. ते एकेक करून मूळ प्रकल्पात दुरुस्त करावे लागतात. डेबियनची मंडळी २०१३ पासून हे काम चिकाटीनं करताहेत आणि त्याचा लाभ आपल्या सगळ्यांनाच होतो.

@नवा_गडी, तुमचा अनुभव पूर्ण मान्य. फक्त ती दोन कामं वेगवेगळ्या लोकांची आहेत. त्रुटींचे संदेश मूल्यमापकात, पत्ते स्टोअरमध्ये. एकासाठी दुसरं थांबायला नको.

पॅकेजराखण्या

मी काही पॅकेजेसची देखभाल करतो, म्हणून एक्सझेडचं (फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं) प्रकरण इथे आणतो. मला वाटतं या धाग्याची खरी कसोटी तेच आहे.

२९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार आहे. ते दार सक्रिय करणारी ओळ गिट भांडारात नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमधल्या, म्हणजे सोर्सच्या गठ्ठ्यातल्या, एका एम४ फाइलीत होती. निक्सपॅकेजेसच्या अस्थिर शाखेतही ५.६.१ पोहोचली होती. ते दार डेब किंवा आरपीएम प्रकारच्या पॅकेजच्या बिल्डमध्येच सक्रिय व्हायचं, म्हणून निक्सवर ते उघडलं नाही. पण आवृत्ती मागे घ्यायची ठरल्यावर काय झालं? एक्सझेड थेट मूळ बिल्ड पर्यावरणाचा भाग. ते बदललं की सगळं बदललं. दुरुस्तीची ओळ लिहून तयार होती आणि ती लोकांपर्यंत पोहोचायला दिवसच्या दिवस गेले, कारण जग पुन्हा बिल्ड होत होतं.

दार उघडं असतं तर? हा प्रश्न मला अजून स्वस्थ बसू देत नाही. सुरक्षेची दुरुस्ती तासांत पोहोचली पाहिजे. जी सुधारणा हे करेल ती पहिली.

मूळस्रोत

@पॅकेजराखण्या, मी गीक्स वापरते, निक्सच्याच कल्पनेवरचं दुसरं पॅकेज मॅनेजर. तिथे याच कामासाठी 'ग्राफ्ट' आहेत. लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती बिल्ड करायची, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजेसची प्रत काढून त्यातला जुना पत्ता नव्या पत्त्यानं बदलायचा. कंपायलर चालवायचाच नाही. अट एवढीच की दोन्ही आवृत्त्यांचा बायनरी इंटरफेस जुळला पाहिजे आणि पत्त्याची लांबी सारखी हवी. निक्सओएस या निक्सवर उभ्या असलेल्या लिनक्स प्रणालीतही असा पर्याय आहे, पण तो प्रत्येकानं आपापल्या मांडणीत लावायचा. पॅकेज संग्रहाकडून सगळ्यांना आपोआप मिळत नाही. प्रस्तावित सुधारणांत मी हे सर्वात वर ठेवीन.

आणि दुवाजोड यांच्या मांडणीतली एक जागा दाखवते. एक्सझेडच्या बाबतीत आशयावरचे पत्ते किती उपयोगी पडले असते? ज्या पॅकेजेसनी फक्त सोर्स उघडण्यापुरता एक्सझेड वापरला, त्यांचं आउटपुट तेच निघालं असतं आणि साखळी थांबली असती. पण जी पॅकेजेस चालताना ती लायब्ररी वापरतात, त्यांच्या पोटात तिचा पत्ता लिहिलेला असतो. पत्ता बदलला, आशय बदलला, साखळी पुढे चालू. शिवाय साखळी थांबायच्या आधी निदान पहिला थर तरी बिल्ड करून पाहावाच लागतो, आणि इथे पहिला थर म्हणजे खूप काही.

दुवाजोड

@मूळस्रोत, हे अगदी नेमकं बोललात. सुरक्षेच्या तातडीच्या दुरुस्तीला ग्राफ्टच हवेत, आशयावरचे पत्ते त्याची जागा घेऊ शकत नाहीत. पण माझ्या मते दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. ग्राफ्ट हा तात्पुरता टाका. नंतर कधीतरी पूर्ण बिल्ड करावंच लागतं, आणि तेव्हा बिल्डसाठीच लागणाऱ्या अवलंबित्वांची मोठी फांदी गळून पडली तर बिल्ड सर्व्हरवरचा भार पुष्कळच हलका होईल.

गणकगृह

मी एका संशोधन संस्थेत सामायिक संगणक समूह सांभाळतो. आमच्याकडे स्पॅक हे पॅकेज मॅनेजर आहे, म्हणून जरा बाजूनं बोलतो, पण विषय तोच.

आमच्या वापरकर्त्यांना एमपीआय लायब्ररी (यंत्रांमधल्या संवादाची) समूहाच्या नेटवर्कला जुळणारीच लागते. बाहेर बिल्ड केलेली बायनरी आणली तर ती दुसऱ्या एमपीआयला जोडलेली असते. म्हणून पूर्वी सगळं स्वतः बिल्ड करायचो. आता स्पॅकमध्ये 'स्प्लायसिंग' आलंय: तयार बायनरी घ्यायची आणि तिची एमपीआयची जोडणी आपल्या स्थानिक लायब्ररीकडे वळवायची. मूळस्रोत यांनी सांगितलेल्या ग्राफ्टशी याचं नातं उघड आहे. फरक असा की स्पॅकमध्ये पॅकेज लिहिणारा माणूस स्वतः घोषित करतो की ही आवृत्ती त्या आवृत्तीच्या जागी चालेल, आणि कुठे काय बदलायचं ते सॉल्व्हर (आवृत्त्यांचा मेळ घालणारा भाग) ठरवतो. निक्सला सॉल्व्हर नाही, तिथे आवृत्ती पॅकेज संग्रहात ठरलेली असते. माझ्या दृष्टीनं ही निक्सची ताकदही आहे आणि आमच्यासारख्यांची अडचणही.

स्पॅकच्या १.० आवृत्तीत, २०२५ मध्ये, कंपायलर हेही साधं अवलंबित्व बनलं. त्याआधी तो वेगळ्या मांडणी फाइलीत लिहिलेला असायचा. या बदलाचं मोल बाहेरून कळत नाही. कोणत्या कंपायलरनं आणि त्याच्या कोणत्या रनटाइम लायब्ररीनं काय बनलं, हे आता आलेखातच दिसतं. निक्समध्ये हे पहिल्यापासून आहे, त्याबद्दल हेवा वाटायचा.

सावध_वाचक

विश्वासाचा मुद्दा राहिला. आज निक्सच्या अधिकृत कॅशेतून (तयार बायनरींच्या साठ्यातून) आलेली बायनरी आपण घेतो कारण तिच्यावर कॅशेच्या किल्लीची सही असते. ती किल्ली फुटली तर? आशयावरचा पत्ता स्वतःची खातरजमा स्वतः करतो, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. फाइली पत्त्याशी जुळतात का हे कोणीही तपासू शकतो. पण या सोर्सपासून हेच आउटपुट निघतं, हा दावा वेगळा, आणि त्यावर अजूनही कोणाची तरी सही लागते.

दुवाजोड

बरोबर. पण तो दावा आता सुटा झाला, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी संधी तिथेच आहे. दावा म्हणजे एवढीच छोटी नोंद: अमुक डेरिव्हेशन, अमुक आउटपुट, अमुक पत्ता. ही नोंद चार स्वतंत्र बिल्ड सर्व्हर आपापल्या किल्लीनं सही करून प्रसिद्ध करू शकतात, आख्ख्या फाइली पुन्हा न साठवता. चारपैकी तिघांचं जुळलं तरच घे, असा नियम वापरणाऱ्यानं स्वतः ठरवावा. अधिकृत कॅशे शेकडो टेराबाइटांचा आहे; त्याची दुसरी प्रत उभी करणं कोणा छोट्या गटाला परवडणारं नाही. पण बिल्ड करून फक्त नोंदी प्रसिद्ध करणं पुष्कळांना जमेल.

आणखी एक. मल्टी-यूझर यंत्रावर आज साधा वापरकर्ता सही नसलेलं पॅकेज स्टोअरमध्ये आणू शकत नाही, आणि ते योग्यच, कारण तो खोट्या पत्त्यावर काहीही ठेवू शकेल. पत्ता आशयावरून असेल तर खोटं ठेवताच येत नाही. गणकगृह, तुमच्यासारख्या सामायिक समूहांवर याचा थेट उपयोग आहे.

मूळस्रोत

नोंदी जुळल्या तरी सगळ्यांनी एकाच बायनरी बियाण्यापासून सुरुवात केली असेल तर? केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये दाखवलेला धोका हाच: कंपायलरमध्येच दडलेलं दार पुढच्या कंपायलरमध्ये आपोआप उतरतं, आणि सोर्समध्ये त्याचा मागमूस नसतो. निक्सचं बिल्ड पर्यावरण आजही तयार बायनरींच्या एका गठ्ठ्यापासून सुरू होतं. गीक्सनं २०२३ मध्ये ही सुरुवात ३५७ बाइटांच्या प्रोग्रामवर आणली. तिथून पायरीपायरीनं जीसीसी कंपायलरपर्यंत सगळं सोर्समधून बनतं. ३५७ बाइट माणूस बसून वाचू शकतो.

निक्समध्येही या दिशेनं प्रयत्न आहेत. पण मुख्य बिल्ड पर्यावरण त्यावर उभं राहणं ही माझ्या यादीतली दुसरी मागणी. पहिली ग्राफ्ट.

नवा_गडी

एक साधा प्रश्न. मी प्रकल्पात रस्ट आणि जावास्क्रिप्ट दोन्ही वापरतो. दोन्हींच्या स्वतःच्या लॉक फाइली आहेत, तरी निक्ससाठी वेगळा हॅश हातानं लिहावा लागतो. डिपेंडन्सी बदलली की हॅश चुकतो, बिल्ड फेल, संदेशातून नवा हॅश उचलायचा आणि चिकटवायचा. यावर काही होतंय का?

लेखणी_टर्मिनल

@नवा_गडी, चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर मूळ विषयाशीच जुळतं. तुम्ही लिहिता तो हॅश नेटवर्क वापरण्याची परवानगी आहे. निक्सचं बिल्ड बंद पेटीत चालतं (लिनक्सवर मुळातच, मॅकवर ती पेटी आपण चालू करावी लागते), आणि आउटपुटचा हॅश आधीच सांगितला असेल तरच बाहेरून काही आणता येतं. तुमच्या लॉक फाइलमध्ये प्रत्येक डिपेंडन्सीचा हॅश असतो, मग निक्सनं तो वाचून प्रत्येकीचं वेगळं डेरिव्हेशन का बनवू नये? रस्टसाठी तशी सोय आहे, कारण कार्गोची (रस्टच्या पॅकेज साधनाची) लॉक फाइल आपल्या भांडारातच असते आणि मूल्यमापनाच्या वेळी वाचता येते. पण लॉक फाइल दुसऱ्या सोर्सच्या आत असेल, किंवा यादी बिल्डमधूनच तयार होत असेल, तर मूल्यमापन मधेच थांबवून आधी ते बिल्ड करावं लागतं. निक्सपॅकेजेसमध्ये त्याला मनाई आहे.

आरएफसी ९२ मधली 'डायनॅमिक डेरिव्हेशन्स' यासाठीच आहेत: एका बिल्डचं आउटपुट हेच पुढचं डेरिव्हेशन. मग सीच्या प्रकल्पात प्रत्येक फाइलसाठी वेगळं डेरिव्हेशन बनवणंही शक्य होतं, आणि मेक या बिल्ड साधनाला जे फाइलच्या वेळेवरून अंदाजानं करावं लागतं ते इथे हॅशवरून होतं. आणि ही सुविधा उभी आहे ती आशयावरच्या पत्त्यांवरच. एवढ्यासाठी तरी दुवाजोड यांच्या क्रमाला माझं अनुमोदन.

पॅकेजराखण्या

अनुमोदन माझंही, पण अटीवर. नोंदींचा साठा कॅशेत कसा ठेवायचा, जुन्या क्लायंटांना तो कसा दिसणार, आणि एकाच डेरिव्हेशनची दोन वेगळी आउटपुट दोन सर्व्हरवरून आली तर एकाच पॅकेजच्या साखळीत दोन्ही कशी मिसळणार नाहीत, या तिन्हींची उत्तरं लेखी हवीत. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. एकाच प्रोग्राममध्ये ग्लिबसीच्या दोन प्रती शिरल्या तर तो कुठे कोसळेल ते सांगता येत नाही, आणि तक्रार माझ्याकडे येणार.

दुवाजोड

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. तिसऱ्याबद्दल माझी बाजू अशी: एका यंत्रावर, एका डेरिव्हेशनसाठी, एकच नोंद ग्राह्य. बाहेरून दुसरी नोंद आली आणि ती स्थानिक नोंदीशी जुळत नसेल, तर तिच्यावर उभी असलेली बायनरी घ्यायची नाही, स्थानिक बिल्ड करायचं. यात कॅशेचे काही फायदे हातचे जातील, पण दोन ग्लिबसी कधीच मिसळणार नाहीत. जसजशी जुळणारी पॅकेजेस वाढतील तसतसं हे नुकसान कमी होत जाईल.

ज्यांच्याकडे मोकळं यंत्र आहे त्यांनी ही सुविधा चालू करून आपली नेहमीची पॅकेजेस बिल्ड करून पाहावीत, आणि 'पुन्हा बिल्ड करून तपास' हा पर्याय लावावा. कोणतं पॅकेज जुळलं नाही आणि फरक कुठल्या फाइलीत पडला, ते इथे लिहा. डिफोस्कोप हे फाइलींतला फरक उलगडून दाखवणारं साधन लावलंत तर फरक नेमका दिसतो, कच्चे बाइट चाळत बसावं लागत नाही.

गणकगृह

आमच्याकडे रात्री रिकामे असणारे नोड आहेत, निक्स त्यावर लावता येईल. वैज्ञानिक पायथन पॅकेजेसपासून सुरुवात करतो. त्यांच्या पूर्वकंपाइल फाइलींमध्ये फरक पडतो असं ऐकलंय, तेच आधी बघतो.